घाट उतरण्यापूर्वी : गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड कसे बदलावे

पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गाडीने एक नवीच तक्रार सुरू केली. ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवला की पुढच्या चाकातून, पत्र्यावर खिळा ओढावा तसा बारीक आणि तीक्ष्ण आवाज येई. घरातील मंडळींनी आपापली मते दिली. कोणी म्हणाले चिखल अडकला असेल. कोणी म्हणाले गंज धरला असेल, दोन दिवस गाडी चालली की जाईल. रात्रभर ओलीत उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो हे खरे, आणि तो दहापाच वेळा ब्रेक लावताच निघून जातो हेही खरे. परंतु आमचा आवाज आठवडा उलटला तरी गेला नाही. डिसेंबरच्या ३ तारखेच्या फेस्तास सहकुटुंब जुन्या गोव्यास जावयाचे ठरले होते. बेळगावहून जांबोटी व कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरावयाचा आणि केरीवरून साखळी गाठावयाची, हा आमचा नेहमीचा मार्ग. तो आवाज घेऊन घाट उतरावयाचा नाही, एवढे ठरवून आम्ही चाक काढावयास बसलो.

हा आवाज गाडी बनविणाऱ्यांनी मुद्दामच करून ठेवलेला असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बऱ्याच गाड्यांत पॅडला पोलादाची एक लहानशी पट्टी जोडलेली असते. पॅडचा घासणारा थर पुरेसा झिजला की ती पट्टी फिरत्या डिस्कला टेकते आणि ओरडू लागते. तिचे म्हणणे ऐकले तर काम थोडक्यात भागते. न ऐकले तर काही दिवसांनी ओरडणे बंद होऊन खरखर सुरू होते. त्या वेळी थर संपून त्यामागची लोखंडी पाटी डिस्कला खात असते, आणि मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च येतो. मात्र सर्वच पॅडना अशी पट्टी नसते. म्हणून आवाज नाही म्हणजे पॅड चांगले आहेत, असा निर्वाळा कोणी देऊ नये.

आता हे यंत्र कसे चालते ते थोडे पाहू. चाकाबरोबर लोखंडाची एक गोल तबकडी फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. तिच्यावर पकडीसारखा बसलेला जो भाग, तो कॅलिपर. त्याच्या आत डिस्कच्या दोन्ही अंगांस एकेक पॅड असतो. आपण पेडल दाबले की नळीतील द्रव कॅलिपरमधील पिस्टनला पुढे ढकलतो, पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅडही दुसऱ्या अंगाने दाबला जातो. भाकरी उचलताना जसा चिमटा दोन्हीकडून धरतो, तसेच हे.

गाडीचा वेग जातो कोठे? तो उष्णतेत जातो. माणसांसह एक हजार किलो वजनाची लहान गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता पूर्ण थांबविली, तर त्या एका थांबण्यात निघणारी उष्णता तीन कप चहाच्या पाण्याला उकळी आणावयास पुरेल. हीच गाडी घाटात सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा जी शक्ती कोठे तरी जिरवावी लागते, तिने एकोणीस लिटर पाणी उकळेल. त्यातील काही भाग वारा घेतो, योग्य गिअर टाकला असेल तर पुष्कळसा भाग इंजिन घेते; उरलेला सगळा ब्रेकच्या वाट्यास येतो. त्यातही पुढच्या चाकांवर भार अधिक, कारण ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते. म्हणूनच पुढचे पॅड आधी झिजतात.

घाटउतारावर गाडी आवरण्याची विवंचना मोटारींहून जुनी आहे. इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात डोंगर उतरताना शेतकरी आपल्या गाड्यांच्या ब्रेकच्या ठोकळ्यास जुन्या बुटांचे कातडे लावीत, असे सांगतात. ते पाहून हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने १८९७ साली ब्रेकसाठी अधिक टिकाऊ अस्तर करण्याचे प्रयोग आरंभिले. आपल्या आडनावातील अक्षरांत एकाची भर घालून व ती उलटसुलट करून त्यांनी मालास ‘फेरोडो’ हे नाव दिले आणि ते आजही ब्रेकच्या पॅडांवर छापलेले दिसते. पुढे कित्येक वर्षे अशा अस्तरांत अस्बेस्टॉस घालीत असत. त्याचे तंतू फुफ्फुसांस किती घातक आहेत, हे ध्यानात यावयास फार काळ गेला. म्हणून ब्रेकवरील काळी धूळ तोंडाने फुंकू नये की हवेच्या पंपाने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी व ते फडके टाकून द्यावे. नवे पॅड अस्बेस्टॉसविरहित असले तरी ही सवय सोडू नये.

पॅड केव्हा बदलावे? नव्या पॅडचा घासणारा थर साधारणपणे दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की आम्ही बदलतो, आणि पुढे घाट असेल तर त्याहूनही थोडे आधी. लोखंडी पाटीची जाडी यात धरावयाची नाही. अनेकांची फसगत येथेच होते. दुसरी फसगत अशी की चाकाच्या फटीतून डोकावले तर दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला त्याच्या आड दडलेला असतो, आणि कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून अडकल्या असतील तर तोच आधी संपतो. आमच्या गाडीत नेमके तेच झाले होते. बाहेरचा पॅड आणखी सहा महिने गेला असता; आतल्याची मात्र कागदासारखी चकती झालेली होती.

या कामात कौशल्य थोडे लागते, आणि धोका आहे तो दोनच क्षणी : गाडी जॅकवर वर असते तेव्हा, आणि काम झाल्यावर ती प्रथम हलते तेव्हा. मधला सगळा भाग चार पाने आणि थोडा धीर असलेल्या कोणासही जमण्याजोगा आहे.

पहिल्या क्षणाबद्दल सांगतो. गाडीबरोबर मिळणारा जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. तो कलंडतो, त्याचा आटा निसटतो, जमिनीत रुततो. आणि खाली माणूस असला तर त्यास बाजूला होण्याइतका अवकाश मिळत नाही. सारवलेल्या अंगणात किंवा लाल मातीवर जॅक लावावयाचाच असेल तर त्याखाली जाड, रुंद फळी हवी. त्याहून बरे, फरशीची किंवा काँक्रीटची सपाट जागा शोधावी. गाडी उचलल्यानंतर तिच्याखाली लोखंडी स्टँड लावून भार त्यावर सोडावा. स्टँड नसेल तर मागून आणावा. गॅरेजवाले ओळखीचे असले तर एका दिवसापुरता देतात. जांभ्याचे चिरे, विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे यांच्यावर गाडी टेकविण्याची आपल्याकडे पुष्कळांस खोड आहे. चिरा घराच्या भिंतीत शंभर वर्षे उभा राहतो, कारण तेथे भार सगळीकडे सारखा पसरलेला असतो. गाडीचा भार एका टोकावर येतो आणि चिरा काही न सांगता दुभंगतो. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावे. सर्व चुकले तरी गाडी त्यावर टेकेल. आणि इतके करूनही गाडीखाली अंग घालू नये. या कामास त्याची गरजच नाही, सर्व काही बाजूला बसून होते.

उचलण्यापूर्वी हॅन्डब्रेक ओढावा आणि मागच्या दोन्ही चाकांस पुढून व मागून दगड किंवा लाकडी पाचर लावावी. गाडी गिअरमध्ये टाकली आहे, आता कोठे जाते, असे म्हणणारे भेटतात. बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांस असते, आणि एक पुढचे चाक अधांतरी झाले की गिअर गाडीस धरून ठेवू शकत नाही. हॅन्डब्रेक बहुधा मागच्या चाकांवर चालतो. तेव्हा खरी धरण त्याची आणि दगडांची. गाडीत कोणी बसलेले नसावे. पोरांना व कोंबड्यांना त्या दिवशी दुसरे अंगण दाखवावे.

चाकाचे नट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. अधांतरी चाकावर जोर केला तर गाडी हलते. तसेच कॅलिपर बाहेरच्या अंगास येईल अशा रीतीने स्टिअरिंग आधीच वळवून ठेवावे. मग गाडी उचलावी, पण जॅक कोठेही लावू नये. कडेच्या पत्र्याखाली त्यासाठी ठरलेली मजबूत जागा असते आणि गाडीच्या पुस्तकात तिचे चित्र असते. हे पुस्तक घरोघरी कागदपत्रांच्या पिशवीत न उघडता पडलेले असते, म्हणून आवर्जून सांगितले.

एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू नमुन्यादाखल जशीच्या तशी राहते. आमच्यासारख्या विसराळू माणसांस तर हा मोठाच आधार. कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट असतात. पुष्कळ गाड्यांत खालचा तेवढा काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर झाकणासारखा उघडतो. काहींत दोन्ही काढावे लागतात. मोकळा झालेला कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. त्या नळीतूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. तिला आतून चीर गेली तर बाहेरून दिसणार नाही. तारेचा आकडा करून कॅलिपर स्प्रिंगला टांगून ठेवावा. आणि कॅलिपर उघडा असताना पेडलला कोणी हात-पाय लावू नये, नाही तर पिस्टन बाहेर निघून सगळा द्रव जमिनीवर सांडतो.

जुने पॅड काढताना कोणता आतला, कोणता बाहेरचा, पट्टी कोणत्या टोकाला, चिमटे कसे बसले आहेत, हे पाहून ठेवावे. हल्ली खिशात फोन असतो. एक छायाचित्र काढावे, वाद उरत नाही. मग डिस्ककडे पाहावे. बोट फिरविल्यास खोल चर लागतात काय, कडेला उंच धार आली आहे काय, कोठे तडा आहे काय? कमीत कमी किती जाडी चालेल ते बहुधा डिस्कवरच कोरलेले असते. त्याहून ती पातळ झाली असेल, किंवा पिस्टनच्या कडेने द्रव झिरपलेला असेल, तर तेथेच थांबावे आणि मेस्त्रीस बोलवावे. यात कमीपणा नाही. कोठे थांबावे हे ज्यास कळत नाही त्याने घरी ब्रेक उघडूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता नवे पॅड जाड, आणि पिस्टन तर जुन्या पातळ पॅडांच्या मापाने बाहेर आलेला. त्यास परत आत लोटावे लागते. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक-ऑइलच्या डब्याचे झाकण सैल करावे व भोवती फडके गुंडाळावे. पॅड झिजत जातात तशी या डब्यातील पातळी खाली जाते. ती पाहून कोणी मध्येच वरपर्यंत भरून ठेवली असेल तर पिस्टन मागे लोटताच ते उतू जाते. गाडीच्या रंगास ते खाते; सांडले तर लागलीच भरपूर पाण्याने धुवावे. त्याला ऑइल म्हणण्याची आपली रीत आहे, पण ते तेल नव्हे. त्यात चमचाभर इंजिन-ऑइल पडले तरी आतली सर्व रबरे फुगून निकामी होतात. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते, तेच वापरावे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ नवे असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अट आहे. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ते घाटात उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय नुसता खाली जातो. आपल्याकडचा पावसाळा पाहता दर दोन वर्षांनी ते बदलून घेणे, पॅडइतकेच अगत्याचे आहे.

पिस्टन लोटण्यासाठी जुना पॅड त्यावर ठेवून सुताराचा शिकंजा लावावा आणि सावकाश, अगदी सावकाश आवळावा. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये; पिस्टनभोवतीचे रबर फाटले की आत पाणी व धूळ जाते. दोन्ही पिना ओढून काढून पुसाव्यात आणि त्यांस ब्रेकसाठी म्हणून मिळणारे ग्रीस लावावे. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस लावले तर पिनांवरील रबर फुगते, आणि ज्या रोगावर औषध दिले तोच रोग पुन्हा जडतो. पॅडच्या घासणाऱ्या अंगास आणि डिस्कला मात्र ग्रीसचा किंवा तेलकट बोटांचा स्पर्शही नको. पॅड ठरल्या जागी बसवून कॅलिपर उतरवावा, बोल्ट पुस्तकात सांगितलेल्या जोराने आवळावा, चाक चढवावे. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर द्यावा. मग दुसरी बाजू. एकाच चाकाचे पॅड बदलून काटकसर करू नये; ब्रेक लावताच गाडी एका अंगास ओढते.

येथवर आम्ही सर्व नीट केले. हात धुतले, चहा घेतला, दगड काढले, आणि गाडी सुरू करून रिव्हर्स घेतली. आमच्या अंगणास विहिरीकडे थोडा उतार आहे. कठडा जवळ आला तसा ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय थेट तळापर्यंत गेला. चिखलात पाऊल जावे तसा, काहीच अडले नाही. हॅन्डब्रेक ओढला म्हणून गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मुलांना आम्ही कोंबड्यांसह दुसऱ्या अंगणात पाठविले होते खरे. पण काम संपले असे समजून त्यांतील धाकटे परत येऊन त्याच कठड्यावर बसले होते.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांनी उभी हयात लॉरी चालविली. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, “काय ओ मास्तर, पेडल मारून घेतलं नाही काय?”

आम्ही मान खाली घातली.

“पिस्टन आत ढकलला ना तुम्ही? मग त्याला परत बाहेर कोण आणणार?”

सगळा खुलासा त्या एका प्रश्नात आहे. आत लोटलेला पिस्टन आणि नवा पॅड यांच्यामध्ये पोकळी राहते. पहिल्यांदा दाबलेले पेडल ती पोकळी भरण्यातच खर्ची पडते, ब्रेक लागतच नाही. म्हणून दगड काढण्यापूर्वी, गाडी उभी असतानाच, पेडल पुनःपुन्हा सावकाश दाबावे. पाच वेळा, दहा वेळा. पायाखाली ते दगडासारखे कठीण लागेपर्यंत. मग इंजिन सुरू करून पुन्हा एकदा दाबून पाहावे. ते स्पंजासारखे मऊ लागले किंवा हळूहळू खाली जाऊ लागले तर गाडी जागची हलवू नये. डब्यातील पातळी खुणेपर्यंत आहे हे पाहून झाकण लावावे, आणि मगच चाकांखालचे दगड काढावेत. त्या दिवसापासून आमच्या घरी रीत अशी पडली आहे की काम सुरू करतानाच स्टिअरिंगला एक लाल फडके बांधावयाचे, आणि पेडल कठीण झाल्यावाचून ते कोणी सोडावयाचे नाही. फडके सोडण्याचा अधिकार आम्ही घरातील मालकिणीकडे दिला आहे. त्या स्वतः पेडल दाबून पाहतात.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड घेत नाहीत. त्यांचे अंग डिस्कच्या अंगाशी जुळावे लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगावरून वीसपर्यंत अलगद ब्रेक लावावा, थोडे अंतर जाऊन ब्रेक थंड होऊ द्यावेत, आणि असे वीसपंचवीस वेळा करावे. त्यानंतरही पहिले दोनतीनशे किलोमीटर, प्रसंगच आला नाही तर, करकचून ब्रेक लावू नये. एक-दोन दिवसांनी चाकांचे नट पुन्हा पाहावेत. अर्थात फेस्ताच्या आदल्या रात्री पॅड बदलून पहाटे घाटात शिरणे बरे नव्हे. आम्ही तीन आठवडे हाताशी ठेवले होते.

२ डिसेंबरला निघालो. कणकुंबी सोडल्यावर वळणे सुरू झाली तसे शेजारच्या गृहस्थांचे बोलणे आठवून, ज्या गिअरने हा घाट चढता येतो त्याच गिअरने तो उतरू लागलो. मागच्या गाड्यांनी दोनचार वेळा हॉर्न वाजविले, त्यांना वाट दिली. ब्रेकवर पाय सतत टेकून न ठेवता वळणाआधी नेमका दाबावयाचा आणि सोडून द्यावयाचा, असे करीत गेलो. केरीस पोहोचल्यावर सावलीत गाडी थांबवून चाकाजवळ, डिस्कला न शिवता, हात नेऊन पाहिला. ऊब होती, जळका वास नव्हता. मुलांना भूक लागली होती. डबे सोडले.